राघूचा बंगला

आमच्या सासरच्या पुरुषांना बांधकामातलं फार कळायचं. असं ते स्वतःच सांगत, आणि त्यांच्यासमोर तोंड उघडायची कोणाची टाप नसल्यामुळे ते खरंही मानलं जाई. गुरांचा गोठा त्यांनी असा बांधला होता की पावसाळ्यात उतारावरचं सगळं पाणी आत यायचं. विहिरीच्या पायऱ्या इतक्या उंच, की हंडा घेऊन चढणाऱ्या बाईने गुडघा छातीला लावावा. माप चुकलं होतं, पण चुकलं असं म्हणायचं कोणी? तेव्हा पायऱ्या उंच असल्या की मजबूत राहतात, असं ठरलं. ज्यांना त्या कधी चढायच्या नव्हत्या त्यांनीच ते ठरवलं. म्हणून माझ्या राघूसाठी घर बांधायचं घाटू लागलं तेव्हाच मी धास्तावले.

हे महायुद्धाच्या आधीचं. म्हसावदच्या अलीकडे आमचं गाव, जमीन काळी, कपाशी जोरात, घरात माणसं भरपूर आणि तोरा त्याहून भरपूर. माझं माहेर लोणखेड्याचं. आई वारली त्या हिवाळ्यात मी तिच्या दिवसकार्याला गेले आणि परतताना गाडीत माझ्या मांडीवर तिच्या राघूचा पिंजरा होता. वडील म्हणाले, घेऊन जा, मला त्याचा आवाज ऐकवत नाही. कारण तो आवाज आईचा होता. आई चुलीपाशी बसून मला जे विचारायची तेच तो तिच्याच सुरात, शेवटी तसंच लाडाने लांबवून विचारायचा, "काय करी ऱ्हायनी वं माय?"

सासरी मला हे कोणी विचारत नसे. काय कर ते सांगत, का केलं नाही ते विचारत. काय करते आहेस, असं उगीच, मायेने, काही काम नसताना विचारणारं त्या घरात कोणी नव्हतं. नवरा स्वभावाने वाईट नव्हता, पण वडील आणि थोरला भाऊ समोर असले की त्याच्या घशातून शब्द फुटत नसे, आणि ते दोघे सदा समोरच असत. तेव्हा मला विचारणारा एकटा राघू. दिवसभरात कितीदा तरी विचारायचा, आणि मीही दर वेळी खरं उत्तर द्यायची, "भाकरी करी ऱ्हायनी." "भांडा घशी ऱ्हायनी." सासूबाई म्हणत, धाकलीला वेड लागलं. लागलं असतं, तो नसता तर.

त्याचा लहान लोखंडी पिंजरा मागल्या पडवीत आढ्याला टांगलेला असे. एके दुपारी कणगीवरून बोक्याने उडी घेतली आणि पिंजऱ्याला लोंबकळून गजांतून पंजा घातला. सासूबाईंनी फुंकणी फेकून मारली तेव्हा बोका पळाला, पण राघूची शेपटीची पिसं त्याच्या नखांत गेली आणि रक्त आलं. मी हळद लावली. तो दोन दिवस गप्प होता. त्या दोन दिवसांत मला कळलं की आई पुन्हा एकदा जाऊ शकते. मी ठरवलं, याला असं घर पाहिजे जिथे मांजर, मुंगूस, साप कोणी शिरू शकणार नाही आणि जिथे त्याला पंखही पसरता येतील. त्या टीचभर पिंजऱ्यात त्याला वळता येत नसे.

आता हे सांगायचं कसं? आमच्याकडे सून सासऱ्यांशी आणि जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नसे. पदर नाकापर्यंत, आणि बोलायचंच झालं तर त्यांना ऐकू जाईल अशा बेताने खांबाशी किंवा भिंतीशी बोलायचं. खांबाने सांगितल्यासारखं मग ते ऐकत, किंवा ऐकत नसत. मी स्वयंपाकघराच्या दारातल्या खांबाला सांगितलं, "कोनी सांगा, राघूले मोठ्ठं घर करनं पडी. मागला अंगनमां, निंबखाले. नही ते मांजर खाई जाई त्याले." सासरे जेवत होते. त्यांनी घास थांबवला नाही. पण जेठांनी ऐकलं, आणि तिथेच राघूचं नशीब फिरलं.

जेठ धुळ्याला इंग्रजी शाळेत काही वर्षं होते. पास किती झाले ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि गावात विचारण्याइतकं धैर्य कोणात नव्हतं. घरी अहिराणी बोलायची त्यांना लाज वाटे. शाळेतली मराठी बोलत, तीही अशी नाकाने कांदे सोलत की गडीमाणसांना निम्मं कळत नसे. कुठल्याशा लग्नाला ते बडोद्याला गेले होते आणि तिथल्या बागेत त्यांनी पक्ष्यांची जाळीची मोठी घरं पाहिली होती. तेव्हापासून बडोदा म्हटलं की त्यांचे डोळे मिटत. रात्रीच्या जेवणाला त्यांनी जाहीर केलं, "आपण पक्षिगृह बांधू. पक्षी निसर्गात असल्यासारखा राहील. माणूस आत उभा राहू शकेल एवढं."

सासऱ्यांना निसर्गाशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दिखाले कसं राही?" जेठ म्हणाले, तालुक्यात कोणाकडे नसेल असं. झालं. सासऱ्यांनी मान डोलावली आणि जागाही सांगितली, "वट्टावर ऱ्हाई ते. येनारा-जानारा देखतीन."

ओटा! घरापुढचा तो दगडी ओटा पुरुषांचा. सकाळी ते येण्याआधी आम्ही बायका झाडून, सारवून घ्यायचा आणि आत निघून जायचं. नंतर दिवसभर तिथे सासरे, जेठ, गावातले चार रिकामे लोक, चहा, विडी, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींचे निकाल. सुनेने उजेडी त्या ओट्यावर पाय ठेवणं सोडा, दाराच्या चौकटीत दिसणंही चालत नसे. आणि राघूला खायला कोण घालायचं? मी. पाणी कोण बदलायचं? मी. तो कोणाशी बोलायचा? माझ्याशी. साऱ्या घरातली एकच बाई त्याची, आणि साऱ्या घरातली एकच जागा जिथे ती जाऊ शकत नाही, ती त्यांनी त्याच्यासाठी निवडली. हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. ते लक्षात घेण्यासारखं आहे असंच कोणाला वाटलं नाही.

मी खांबाला पुन्हा सांगितलं. भिंतीला सांगितलं. शेवटी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मानसेस्नं काम शे ते. तू कसाले बोलस?" मला त्यांची चीड आली. पुरुषांचं काम म्हणे! बोक्याला फुंकणी मारणारी हीच बाई, पण पुरुष बोलला की हिची अक्कल पदराच्या गाठीत बांधली जायची. मी तेव्हा त्यांच्याविषयी मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

काम सुरू झालं. तळोद्याहून साग आला. सुतार आला, आणि तो सुतार म्हणजे आमच्या पुरुषांना साजेसाच होता. हातात पटाशी, तोंडात तंबाखू, आणि कोणी काहीही म्हटलं तरी, "हाव आप्पा, तुम्ही सांगशात तसं." सासरे म्हणाले चौकट उंच करा, हाव आप्पा. जेठ म्हणाले बुटकी करा, हाव आप्पा. एकदा दोघे एकाच वेळी उलटसुलट बोलले तेव्हाही तो हाव आप्पाच म्हणाला आणि चहा प्यायला बसला. दारामागून हे सगळं मला ऐकू येई. पीठ मळता मळता मी दात खाई.

आणि ओट्यावरची ती मंडळी! ज्याने जन्मात चिमणीला दाणा टाकला नाही तोही पक्ष्यांविषयी बोले. एक म्हणाला, पोपट रात्री उलटा टांगून झोपतो. दुसरा म्हणाला, त्याला पाणी लागतच नाही, मिरचीतून मिळतं. एकाने तर शपथेवर सांगितलं की पोपटाला आरसा दाखवला की तो संस्कृत बोलतो. सासरे प्रत्येकाला गंभीरपणे हुंकार देत. दारामागे बसलेल्या बाईने तो राघू हाताने भरवला होता, त्याची नखं कापली होती, तो कशाने आजारी पडतो आणि कशाने बरा होतो हे तिला ठाऊक होतं, पण तिला विचारावं असं तिथे कोणाला सुचलं नाही.

तरी मी सोडलं नाही. जाळी नंदुरबारहून यायची होती. जेठांना मोठ्या भोकांची हवी होती, पक्षी नीट दिसावा म्हणून. मी चुलीपुढे बसून भिंतीला मोठ्याने म्हटलं, "त्या भोकमाईन मांजरना पाय आरपार जाई. जाळी बारीक पायजे, नि एकनाबाहेर एक, दोन पायजेत, मधमा वीतभर जागा सोडीसन." दुसऱ्या दिवशी ओट्यावरून जेठांचा आवाज आला, "मी रात्री विचार केला. जाळी बारीक घ्यायची आणि दुहेरी लावायची. बडोद्याला तसंच आहे." सगळ्यांनी वा वा केलं. मग मी भिंतीला सांगितलं की दारं दोन हवीत, एक उघडून आत जायचं, ते लावायचं आणि मग दुसरं उघडायचं, म्हणजे राघू उडून जाणार नाही. तेही बडोद्याला निघालं. खालून उंदीर-मुंगूस उकरू नयेत म्हणून दगडांच्या सांध्यांत चुना भरायचा, तेही. कड्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडून लागाव्यात, तेही. बडोदा माझ्या चुलीच्या मागच्या भिंतीत होतं हे त्या शहाण्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. राघू वाचला पाहिजे, नाव कोणाचं का होईना.

पण दोन गोष्टी माझ्या भिंतीला काही केल्या जमल्या नाहीत. एक, बसायची काठी. मी म्हटलं होतं, पेरूची नाहीतर निंबाची खडबडीत फांदी घाला, कुठे जाड कुठे बारीक, म्हणजे त्याची बोटं दुखणार नाहीत आणि चोचीला काम मिळेल. सुताराने पाळण्याच्या खुरासारखा गुळगुळीत सागाचा दांडा कातून आणला आणि त्याला तेलपाणी दिलं. राघू त्यावर बसायचा तो घसरत. दुसरी गोष्ट छपराची. आमची घरं धाब्याची, वर मातीचा जाड थर, म्हणून वैशाखातही आत गारवा. मी म्हटलं, राघूच्या घरावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या टाका, वर गवत टाका, माती टाका. जेठ म्हणाले, गवत गावंढळ दिसेल. त्यांनी पत्रा आणला. गावात पत्रा तेव्हा नवा होता. त्याला हिरवा रंग दिला. खानदेशातल्या उन्हात, पश्चिमेला तोंड असलेल्या ओट्यावर, पत्रा! स्वतः मात्र दुपारी आत धाब्याखाली ओल्या पडद्याआड घोरत.

होळीच्या सुमारास ते घर तयार झालं. गाव लोटलं पाहायला. लोकांनी त्याला बंगला नाव ठेवलं आणि सासऱ्यांच्या मिशा त्या दिवसापासून वर गेल्या त्या खाली आल्याच नाहीत. मी पिंजरा पुढल्या दारापर्यंत नेला आणि नवऱ्याच्या हातात दिला. राघूने मान वाकडी करून मला विचारलं, काय करते आहेस. त्याला घेऊन नवरा बाहेर गेला, आणि बाहेर जेठांनी तो त्याच्या हातातून घेतला.

त्यानंतर राघू आणि मी भेटायचो ती पहाटे, झाडलोट करताना. मी दोन्ही दारं ओलांडून आत जाई, दाणा-पाणी ठेवी, आणि तो माझ्या खांद्यावर बसून कान ओढी. तेवढ्यात सासऱ्यांचं खाकरणं ऐकू येई की मला पळावं लागे. मग दिवसभर तो त्या गुळगुळीत दांड्यावर, समोर विड्या ओढणारी माणसं, आणि माझा आवाज दाराच्या आड. सुरुवातीला तो हाका मारायचा. तेच विचारायचा, पुन्हा पुन्हा. मी आतून उत्तर दिलं तर जेठ खोकत, म्हणजे सुनेचा आवाज ओट्यावर आला. मी उत्तरं बंद केली. काही दिवसांनी त्यानेही विचारणं बंद केलं.

आणि मग पुरुषांची पंचाईत झाली. बंगला पाहायला येणाऱ्यांना बोलणारा पोपट हवा होता. लोक दार उघडून त्याला चहात बुडवलेले बटर-टोस्ट टाकत, विडीचा धूर सोडत, जाळीवर काठी आपटत. जेठ पुढ्यात बसून त्याला 'नमस्कार, या बसा' शिकवत. धुळ्याला गेलेला माणूस दुपारभर पोपटासमोर नमस्कार नमस्कार करतो आणि पोपट त्याच्याकडे पाठ फिरवून बसतो, हे दाराच्या फटीतून पाहताना मला त्या साऱ्या दिवसांतलं एकमेव सुख मिळालं. पण ते सुख फार टिकलं नाही. राघू छातीची पिसं स्वतःच उपटू लागला. पहाटे मी जाई तेव्हा खाली हिरवा कचरा पडलेला असे आणि दाणा तसाच. जेठ म्हणाले, हा ऋतू पिसं गळण्याचाच आहे, बडोद्याला सगळ्यांची गळतात.

चैत्र संपत आला. ऊन असं पडू लागलं की पायाला दगड चटके देई. मी रोज भिंतीला सांगत होते, कोणीतरी राघूला आत आणा, पत्रा तापतो, तो मरेल. नवऱ्याला तर तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, मी बोलतो दादाशी. तो दादाशी बोलला नाही. तो त्या घरात कधी कोणाशी काही बोललाच नाही, आणि हे मी आज त्याच्या माघारी म्हणते असं नाही, त्याच्या तोंडावरही म्हटलेलं आहे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, अलीकडे तळोद्याहून जेठांचे सासरे येणार होते. जेठाणी बाळंतपणाला तिकडेच होती. जावयाने त्यांना बंगल्याची इतकी वर्णनं कळवली होती की ते भर उन्हात गाडी जुंपून निघाले. दुपारी आले. चहा झाला. ओट्यावर गर्दी. मी आत भाकरी भाजत होते. बाहेरून जेठांचा आवाज, "बोलतो, बोलतो. आज जरा सुस्त आहे." मग त्यांच्या सासऱ्यांचा, "मरेल शे का काय हाऊ?" मग हसणं. मग जाळीवर काठीचा आवाज, एकदा, पुन्हा एकदा.

मी तव्यावर भाकरी टाकून उठले. दाराच्या फटीतून पाहिलं. राघू खाली दगडावर होता, पंख दोन्ही बाजूंना पसरून, चोच उघडी, आणि कोणीतरी त्याला काठीच्या टोकाने हलवत होतं. जाळी दुहेरी होती, बारीक होती, मांजराचा पंजा आत जात नव्हता. काठी जात होती.

मला पुढचं नीट विचार करून केलं असं म्हणायचं नाही. राग आला होता, एवढंच. माठातून पाण्याचा तांब्या भरला, एक पोतं पाण्यात बुचकळलं, पदर नाकाखाली ओढला आणि दारातून बाहेर ओट्यावर आले. भर दुपारी, सासऱ्यांसमोर, जेठांसमोर, व्याह्यांसमोर, गावासमोर. मी कोणाकडे पाहिलं नाही. पहिलं दार उघडलं, आत गेले, ते लावलं. दुसरं उघडलं, लावलं. आणि आतली कडी घातली. ती आतून लागते हे बडोद्याचं डोकं तेवढं चांगलं होतं.

खाली बसले आणि राघूला मांडीवर घेतलं. भट्टीतल्यासारखा तापला होता. चोचीत बोटाने पाणी सोडलं, पायांवर, पंखांखाली ओलं केलं. ओलं पोतं उन्हाच्या बाजूच्या जाळीला अडकवलं. बाहेर काय चाललं होतं ते मला पोत्याच्या कडेने दिसत होतं, आणि ते पाहण्यासारखं होतं. धाकट्या भावाची बायको बसली असेल तिथे जेठाने बसायचं नाही, तिची सावली अंगावर घ्यायची नाही, ही त्यांचीच रीत. आजवर ती कामी पडली नव्हती, कारण मी कुठे बसतच नव्हते. आज मी बसले होते. जेठ उठले. ओट्याच्या एका टोकाला गेले, तिथेही मी दिसत होते, म्हणून पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले. कोणाच्या घरची सून बसली असताना परका कसा बसेल, म्हणून गावची मंडळीही एकेक करून धोतरं सावरत उतरली. तळोद्याचे व्याही हातातली कपबशी घेऊनच उतरले. रणरणत्या उन्हात, रस्त्याच्या मध्यभागी, ती सगळी शहाणी माणसं उभी. अनवाणी, कारण जोडे ओट्यावर राहिले होते.

सासरे एकटे वर राहिले. मिशा थरथरत होत्या. त्यांना माझ्यावर रागवायचं होतं, पण माझ्याशी तोंडाने बोलायची त्यांनाही सोय नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी ओट्याच्या खांबाकडे वळले. "कोनी सांगा तिले," ते खांबाला म्हणाले, "घरमां जाय म्हना." खांबाने मला काही सांगितलं नाही. मी राघूला पाणी पाजत राहिले. ते आणखी मोठ्याने म्हणाले. खांब ढिम्म. आयुष्यभर दुसऱ्यांना ज्या खांबाशी बोलायला लावलं, तो ऐकत नाही हे त्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. कळलं असेल तर. माझी खात्री नाही.

राघूने मान उचलली. तांब्याच्या काठाला चोच लावली आणि स्वतःहून प्यायला, डोकं मागे टाकत, घोटाघोटाने. मला रडू आलं. मी रडले, मोठ्याने, ओट्यावर. तेही त्या गावात याआधी कोणी केलं नव्हतं.

मग सासऱ्यांना सुचलं. ते दाराशी गेले आणि आत हाक मारली, सासूबाईंना. "ये बाहेर. उठाड तिले. घरमां ली जाय." मी ऐकलं आणि मांडीवरचा राघू घट्ट धरला. सासूबाई म्हणजे त्यांचा शब्द झेलणारी बाई. त्या दार उघडायला लावतील, हात धरून आत नेतील, आणि हा पुन्हा त्या पत्र्याखाली. मी मनात म्हटलं, या बाईला नाही ऐकायचं, काही झालं तरी नाही.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात सूप होतं, त्यात तुरीची डाळ. आत अंधाऱ्या खोलीत बोटांनी चाचपून त्या ती निवडत बसत, आणि खडा दाताखाली आला की सासरे ताट सरकवून देत. त्या बंगल्याजवळ आल्या. जाळीतून त्यांनी राघूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रस्त्यावर उभ्या असलेल्या व्याह्यांकडे, आपल्या मोठ्या मुलाकडे पाहिलं. सासरे म्हणाले, "सांग ना तिले."

सासूबाई जाळीला टेकून खाली बसल्या. ओट्यावर, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, भर उजेडी. पदर सारखा केला, सूप मांडीवर घेतलं आणि डाळ पसरली. नवऱ्याकडे मान वर करून, खांबाकडे नाही, त्याच्याकडेच पाहत त्या म्हणाल्या,

"आठे उजेड शे. खडा दिखतस."